तीन टिंबांचा गायक

कुलदीपला गाता येतं की नाही, याबद्दल वाशीत दोन मतं होती. एक कुलदीपचं आणि दुसरं उरलेल्या वाशीचं.

येरमाळ्यापुढच्या या तालुक्याच्या गावात त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. आठवडाभर तो शेतकऱ्यांना नळ्या विकायचा आणि त्या गळत नाहीत असं छातीवर हात ठेवून सांगायचा. शनिवार उजाडला की मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. संध्याकाळी लवकर शटर ओढून तो घरी यायचा, समोरच्या खोलीतला टीव्ही लावायचा, कपाटातून दोन माइक काढायचा आणि घसा खाकरायचा. तो आवाज आला की शेजारपाजारचे पुरुष पिशव्या घेऊन घराबाहेर पडत. एरवी बायकोनं चार वेळा सांगूनही जे जागचे हलत नाहीत, ते त्या वेळेला आपणहून भाजी आणायला जात. गल्लीतल्या बायका कुलदीपबद्दल चांगलं बोलत त्या एवढ्याच कारणासाठी.

या खोलीत 'सूरसोबती' ग्रुप जमायचा. ग्रुप म्हणजे मुख्यतः तिघं. रेवणसिद्ध सर झेडपीच्या शाळेत शिक्षक आणि ग्रुपचे अध्यक्ष. त्यांनी आवाज कमावला होता तो पोरांना 'गप्प बसा' म्हणून म्हणून. तौसिफ मोबाइल दुरुस्त करायचा, त्यामुळं वायरी, स्पीकर, लॅपटॉप सगळं त्याच्याकडं. तो स्वतः गात नसे, म्हणून त्याला गल्लीत मान होता. आणि तिसरा कुलदीप, ग्रुपचा हिरा. ही पदवी त्याला कुलदीपनंच दिली होती.

कराओके ही मोठी सोयीची गोष्ट आहे. गाण्यातला मूळ गायक काढून टाकायचा आणि त्याच्या जागी आपण उभं राहायचं. वाजवणारे सगळे पट्टीचे, आणि त्यांना उठून जाता येत नाही. पडद्यावर शब्द येतात. ओळ सुरू व्हायच्या आधी तीन टिंबं दिसतात, ती एकेक करून विझली की तोंड उघडायचं. कित्येक वर्षं कुलदीप या टिंबांवर गात होता. कुठं उचलायचं ते टिंबं सांगत, कुठं थांबायचं तेही पडदा सांगे, आणि कसं गायचं हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

एक सोनाली सोडून. ती त्याची बायको.

"अवो, पाच पोरी शिवणक्लास लावायच्या म्हणून थांबल्यात," ती एका शनिवारी दारात उभी राहून म्हणाली. "मशिनी कुठं मांडू? डोक्यावर?"

"आतल्या खोलीत मांड की."

"आतल्या खोलीत ज्वारीची पोती, गव्हाची पोती, वर तुमच्या दुकानातला न खपल्याला माल. परवा बानूबाईच्या सुनंचं माप घ्यायचं तर तिच्याभवती टेप फिरवाय जागा न्हाय. निम्मं माप घेतलं, निम्मं अंदाजानं धरलं. ब्लाउज झाला, पण सासूला."

"कलेला जागा लागते, सोनाली."

"व्हय की! मग शिवण काय दगड फोडणं हाय? आन माझ्या कलेनं अजून कुणी घर सोडून गेल्यालं न्हाय."

सोनालीचे वडील शरणबसप्पा मुरूमहून लेकीकडं मुक्कामाला आले होते. मराठी बोलता बोलता त्यांची कानडी मधूनच डोकावायची आणि राग आला की सगळीच बाहेर यायची. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"काय ओ जावईबापू, तुमी कधी माणसांसमोर गायलाव का?"

"मामा, आम्ही तिघं माणसंच आहोत की."

"तुमी तिघं सोडून ओ."

कुलदीप माइक पुसायला लागला. पण शेजारी बसलेल्या रेवणसिद्ध सरांना राहवलं नाही. ग्रुपचा वर्धापनदिन तोंडावर आला होता आणि त्या दिवशी सोलापूरची वाजवणारी पार्टी बोलावून, खरी ढोलकी, खरा कीबोर्ड लावून लाइव्ह म्युझिकचा जाहीर कार्यक्रम करायचं ठरलं होतं. सरांनी हे ऐटीत सांगितलं.

"झालं तर!" शरणबसप्पांनी मांडीवर थाप मारली. "त्या कार्यक्रमात एक गाणं म्हणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर खोली तुमची. न्हाय वाजवल्या तर सोनालीची. निकाल मी देतो. मग पुना भांडण न्हाय."

"चालंल," सोनाली म्हणाली. "फक्त 'आता बास करा' म्हणून वाजवल्याल्या टाळ्या धरायच्या न्हायत, अप्पा."

कुलदीपनं गाणं निवडलं ते दर्दभरं. जुनं, हिंदी आणि फार संथ. नायिका निघून गेली आहे आणि नायक नदीकाठी बसून तिला हाका मारतो आहे. कुलदीपनं मारलेल्या हाका ऐकून ती का निघून गेली, हे गल्लीला आठवडाभरात नीट कळलं. पण कुलदीप जिवावर उदार होऊन गात होता. ती खोली गेली तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर मग आयुष्यात नळ्याच उरत होत्या. हे तो कुणाला बोलून दाखवत नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी पार्टी दुपारीच येणार होती. तालीम करून, चहा घेऊन, निवांत संध्याकाळी सुरू करायचं असा सरांचा बेत. दुपारी सरांनी फोन लावला.

"आलो, आलो," पार्टीचा म्होरक्या आणि ढोलकीवाला गुंडाप्पा पलीकडून म्हणाला. "येरमाळ्यात हाव."

येरमाळ्यापर्यंत येऊन येडाईचं दर्शन न घेता पुढं जाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, त्यामुळं सरांनी फोन ठेवला. तासाभरानं पुन्हा फोन लावला. दर्शन झालं होतं, पण गुंडाप्पाची मावशी येरमाळ्यातच दिलेली निघाली. मावशीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवण झाल्यावर पाहुण्यांनी लगेच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून सगळी पार्टी जरा आडवी झाली. ती वाशीत पोचली तेव्हा मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर दिवे लागले होते आणि लोक खुर्च्या अडवून बसले होते. कार्यक्रम फुकट होता आणि शेवटी मसालेभात होता, त्यामुळं रसिकांनी तोबा गर्दी केली होती.

"दादा, पट्टी कुठली तुमची?" गुंडाप्पानं स्टेजमागं ढोलकी आवळत कुलदीपला विचारलं.

कुलदीपला आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "तौसिफला विचारा," तो म्हणाला. "त्याच्या लॅपटॉपमध्ये असेल."

गुंडाप्पानं त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं.

"आणि टिंबं कुठं दिसतील?" कुलदीपनं विचारलं.

"कसली टिंबं?"

"म्हणजे, कुठं उचलायचं ते कळणार कसं?"

"हात्तिच्या! त्याची फिकीर करू नका. तुमी उचलेपर्यंत आमी सुरुवातीचं म्युझिक सोडतच न्हाय. कितींदाबी फिरवून वाजवतो. गायकाला सांभाळून घेणं हेच आमचं काम."

एवढ्यात रेवणसिद्ध सरांनी कुलदीपला बाजूला घेतलं. "एक लक्षात ठेव. हे काय यंत्र नव्हे, कलाकार आहेत. त्यांचं वाजवून पूर्ण झाल्याशिवाय मधे तोंड घालायचं नाही. अपमान वाटतो त्यांना."

आता यात चूक कुणाची म्हणायची? गुंडाप्पाचंही बरोबर होतं आणि सरांचंही बरोबर होतं. घोटाळे मूर्खांमुळं होतात असं लोकांना उगीच वाटतं. दोन शहाणी माणसं एकाच वेळी बरोबर असली की जो घोटाळा होतो, त्याला तोड नसते.

तरी वाट निघाली असती. तौसिफनं ती काढली.

"यार, टेन्शन कशाला घेतो? समोर स्टँडवर टॅब लावतो. त्यावर आपलंच कराओके, आवाज बंद करून. तिकडं ढोलकी चालू झाली की इकडं मी बटन दाबतो. टिंबं तुझ्या डोळ्यासमोर. कुणाला पत्ता लागणार न्हाय, बिनधास्त!"

कुलदीपनं त्याला मिठी मारली. मित्र असावा तर असा, असं त्याला वाटलं. हे मत पुढं फार वेळ टिकलं नाही.

आधी सर स्वतः गायले. त्यांच्या गाण्यात कुणीच बोललं नाही. निम्मी वाशी त्यांच्या हाताखालून शिकून गेली होती, ती अजून घाबरून होती. मग त्यांनी माइकवरून "आमच्या ग्रुपचा हिरा" अशी हाक दिली आणि कुलदीप स्टेजवर आला. पहिल्या रांगेत शरणबसप्पा खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून न्यायाधीशासारखे बसले होते. बायकांच्या बाजूला सोनाली. कुलदीपनं माइक धरला. गुंडाप्पानं मान हलवली, कीबोर्डवाल्यानं हळुवार सूर धरला, संथ ठेका सुरू झाला. तौसिफनं बटन दाबलं.

टॅबवर नदी आली नाही. म्हैस आली.

धष्टपुष्ट, काळीभोर, पशुखाद्याच्या जाहिरातीतली म्हैस. ती शांतपणे रवंथ करत कुलदीपकडं पाहत होती आणि कुलदीप तिच्याकडं. त्यानं घाबरून तौसिफकडं पाहिलं. तौसिफनं हातानं 'थांब, जाईल' अशी खूण केली. म्हैस गेली आणि ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर गेला आणि पडद्यावर नुसतं एक चक्र गरगर फिरायला लागलं. हिरवळीवरची सगळी गर्दी मोबाइलवर स्टेजचं शूटिंग करून जागच्या जागी पाठवत होती, मग टॅबच्या वाट्याला नेट कुठलं यायला?

इकडं सुरुवातीचं म्युझिक संपलं. कुलदीप काही गायला नाही. गुंडाप्पा दिलेल्या शब्दाचा पक्का. त्यानं तेच म्युझिक पुन्हा पहिल्यापासून धरलं. कुलदीपला वाटलं, यांचं वाजवून अजून झालेलं दिसत नाही. मधे तोंड घालणं बरं नव्हे. तो अदबीनं थांबला. पुन्हा म्युझिक संपत आलं. गुंडाप्पानं भुवया उडवून 'उचला' अशी खूण केली. कुलदीपला वाटलं, कलाकार नमस्कार करतोय. त्यानंही छातीवर हात ठेवून मान लववली. गुंडाप्पानं म्युझिक परत फिरवलं.

असं किती वेळा झालं कोण जाणे! दोन्ही बाजू एकमेकांचा मान राखत होत्या आणि गाणं मधल्या मधे मरत होतं. शेवटी गुंडाप्पाच कंटाळला. ढोलकीवाल्याचे हात ते, संथ ठेक्यावर किती दम धरणार? त्यानं आधी एक छोटी थाप जास्तीची टाकली. मग दोन. मग त्याची त्यालाच गंमत वाटली आणि नदीकाठचा तो विरह बघता बघता वरातीच्या ठेक्यावर आला.

मागून शिट्टी आली.

कुलदीपला दरदरून घाम फुटला होता. कपाळ पुसायला त्यानं हात वर नेला. गुंडाप्पाला वाटलं, गायक 'वाढव' म्हणतोय. त्यानं ढोलकी चढवली. पब्लिक "हेऽऽऽ" करून ओरडलं. घाबरून कुलदीपनं पंजा पुढं करून 'थांबा' म्हटलं. ढोलकी कचकन थांबली. सगळी हिरवळ चिडीचूप झाली. हजार डोळे त्या पंजाकडं लागले. आता पुढं काय करायचं हे कुलदीपला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं हात खाली सोडला. आणि गुंडाप्पा असा काही सुटला की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागं सरकल्या.

"आर्रं, काय गडी हाय!" कुणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! हात वर, ढोलकी वर. हात खाली, ढोलकी खाली. पोरं नाचायला लागली, पोरांना आवरायला गेलेले बाप नाचायला लागले. आणि सगळ्यांच्या मधोमध टॉवेल गरागरा फिरवत शरणबसप्पा नाचत होते. निकाल देणारा माणूसच अंगात आल्यासारखा नाचतोय म्हटल्यावर कायदा कुठं राहिला? एकटी सोनाली जागेवर होती. आपला नवरा टिंबांची वाट बघतोय हे तिला पहिल्या फेरीतच कळलं होतं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

कुलदीपचे डोळे मात्र टॅबवर खिळले होते. चक्र थांबलं. नदी आली. पहिली ओळ आली आणि तिच्यावर तीन टिंबं! कुलदीपच्या जिवात जीव आला. एक टिंब विझलं. दुसरं विझलं. त्यानं माइक ओठांजवळ नेला, छाती भरून श्वास घेतला. तिसरं विझलं, कुलदीपनं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी दमलेल्या गुंडाप्पानं दणदणीत तिहाई घेऊन ढोलकी बंद केली.

टाळ्यांनी मंगल कार्यालय दणाणून गेलं. "वन्स मोअर" तर इतके आले की रेवणसिद्ध सरांचा चेहरा उतरला.

मसालेभाताच्या रांगेत लोक कुलदीपच्या पाया पडायचेच तेवढे बाकी होते. शेजारच्या ईट गावचे दगडोबा बागायतदार ताट हातात घेऊन गर्दीतून वाट काढत आले.

"पोराची हळद हाय आमच्यात. तुमीच यायचं. गाडी पाठवतो."

"येतो की!" कुलदीप फुलून गेला. "कुठलं गाणं म्हणू?"

दगडोबांचा चेहरा पडला. "म्हणू? न्हाय, न्हाय. आज केलं तसंच करायचं. हात वर, हात खाली."

"अहो, मी गायक आहे."

"आसचाल की. आमी कुठं न्हाय म्हनलो? पर पावण्यारावळ्यात त्याचा त्रास नको."

शरणबसप्पा घाम पुसत आले. "शब्द म्हंजे शब्द. टाळ्या मी कानानं ऐकल्या. खोली जावईबापूंची. काय गं सोनाली?"

"मान्य, अप्पा," सोनाली सरळ म्हणाली. "टाळ्या मीबी वाजवल्या. पोरींना सांगते उद्या, क्लास न्हाय म्हणून. फक्त एक कळंना. न गायची प्रॅक्टिस कराय एवढी मोठी खोली कशाला लागती?"

तौसिफ फिसकन हसला. हसू फुटू नये म्हणून सरांनी तोंडात भात कोंबला. कुलदीपचे कान लाल झाले. खोली हातात होती. गप्प बसून भात खाल्ला असता तर पोटभर झाला असता. पण वर्षानुवर्षं ज्या गाण्यासाठी त्यानं बायकोची बोलणी खाल्ली, गल्लीचे टोमणे खाल्ले, ते गाणं आज त्याच्या घशातच राहिलं होतं आणि त्याचाच सत्कार चालला होता. हे त्याला खरोखर लागलं.

"मामा, निकाल मागं घ्या," तो म्हणाला.

"आता काय झालं ओ?"

"मी गाणं म्हटलेलं नाही. म्हणतो. मग काय ते ठरवा."

"अरे यार, वेडा का काय?" तौसिफनं त्याचा हात धरला. "जिंकला ना तू? गप ऱ्हा ना!"

पण कुलदीप स्टेजवर चढला होता. गुंडाप्पाची पार्टी जेवायला बसली होती, टॅब बंद होता. त्यानं माइक घेतला आणि कुणी न सांगता, नुसता, सुरुवात केली. पहिली ओळ जिथं लागायची तिथं लागली नाही. दुसरीला आवाज जरा चिरकला आणि मग कसा कोण जाणे, सुरात जाऊन बसला. बाकीचं गाणं पुन्हा नेहमीसारखं. पण त्यानं ते शेवटपर्यंत म्हटलं. लोक भात खात होते. कुणी वर पाहिलं, कुणी मठ्ठा मागितला. गाणं संपलं तेव्हा एकही टाळी पडली नाही.

शरणबसप्पांनी कपाळाला हात लावला. "खोली सोनालीची," ते हळूच म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ कानडीत बोलत राहिले.

घरी जाताना मोटारसायकल कोपऱ्यावर वळली तेव्हा सोनाली मागून म्हणाली,

"ती दुसरी ओळ लई ग्वाड म्हटली आज. अंगावर काटा आला."

कुलदीपनं गाडी तिथंच थांबवली. "खरं?"

"तुमची शपथ."

"मग एक टाळी वाजवली असतीस तर काय बिघडलं असतं?"

सोनालीनं पदर नीट खोचला.

"अवो, हात उचलला हुता वाजवाय," ती म्हणाली. "पण पाच पोरी थांबल्यात की."